खाली काय हाय?

जेसीबी चालू असला की माणसं बघत उभी राहतात. हा आपला राष्ट्रीय छंदच म्हणा ना! सायकलवाला एक पाय टेकवून थांबतो, भाजी आणायला निघालेले आजोबा पिशवीसकट थांबतात, शाळेची पोरं तर घंटा झाली तरी हलत नाहीत. आमच्या लेडीज हॉस्टेलचंही काही वेगळं नाही. एरवी आठच्या लेक्चरला हाका मारूनही न उठणारी मंडळी जेसीबीचा आवाज आला की तोंडात ब्रश धरून गॅलरीच्या कठड्याला हजर! ड्रायव्हर किती सफाईदार आहे, बकेट किती भरतंय, यावर तज्ज्ञांची मतं सुरू होतात. पण एवढ्या बघ्यांमध्ये एक साधा प्रश्न कुणी विचारत नाही. हे बकेट जिथं घुसणार आहे, तिथं खाली काय आहे?

मागच्या सेमिस्टरला या प्रश्नाचं उत्तर आपल्या सगळ्यांनाच मिळालं. मेसच्या मागे सांडपाण्याच्या लाइनसाठी चर खणताना फायबर केबल तुटली आणि ऐन सबमिशनच्या आठवड्यात तीन दिवस नेट गायब! त्या तीन दिवसांत खणणाऱ्याच्या किती पिढ्यांचा उद्धार झाला ते इथे छापता येणार नाही. पण मित्रमैत्रिणींनो, खरं सांगू? जमिनीखाली जे जे असतं, त्यातली सगळ्यात निरुपद्रवी गोष्ट त्या दिवशी तुटली. फायबर म्हणजे केसाएवढा काचेचा तंतू आणि त्यातून धावणारा प्रकाश. तो तुटला तर सबमिशन पुढे जातं, माणूस जात नाही. त्याच चरात हातभर अंतरावर विटांच्या रांगेखाली एक जाड काळी केबल होती, ती मी नंतर स्वतः जाऊन बघितली. बकेट हातभर सरकलं असतं तर आपण नेटबद्दल बोलत बसलो नसतो.

आता थोडं माझ्या मराठीबद्दल. मी कॉन्व्हेंटची. शाळेत मराठी बोललं की दंड, आणि घरी आजीशी मराठी बोललं नाही की बोलणी, अशा कात्रीत माझी भाषा वाढली. त्यामुळे मराठी विभागासाठी लिही म्हटल्यावर आधी पोटात गोळाच आला. या लेखाचा विषय शुद्ध सरकारी मराठीत लिहायचा तर ‘उत्खननपूर्व भूमिगत सेवावाहिन्यांचे स्थाननिश्चितीकरण’ असा काहीतरी होईल. हे न अडखळता तीनदा म्हणून दाखवणाऱ्याला माझ्याकडून कँटीनचा कटिंग! सुदैवाने याच विषयाला मला एक तीन शब्दांचं मराठी नाव मिळालं आहे. ते मी सुट्टीतल्या ट्रेनिंगला शिकले, एका मुकादमाकडून. त्यांना सगळे ‘मामा’ म्हणायचे, म्हणून मीही मामाच म्हणायला लागले. कुठलंही काम सुरू करायच्या आधी मामा रस्त्याकडे बघून एकच वाक्य म्हणायचे, “खाली काय हाय?”

काम होतं एका जुन्या शहरातल्या पेठेत. पिण्याच्या पाण्याची लाइन बदलायची, दीडशे मिलिमीटरचा डी.आय. पाईप, चर सव्वा मीटर खोल. पाऊस तोंडावर आलेला, त्यामुळे सगळ्यांना घाई. मी टोपी, बूट, वही अशी जय्यत तयारी करून गेले होते. पहिल्याच दिवशी मामांनी मला चर नाही, रस्ता दाखवला.

“बगा ताई, रस्ता वाचाय यायला पायजे. पुस्तक वाचता न्हवं, तसा.”

मग आम्ही पाचशे मीटर रस्ता चालत ‘वाचला’. चेंबरची झाकणं कुठे आहेत, एका झाकणापासून दुसऱ्याकडे रेघ ओढली तर ती कुठून जाते. पाण्याच्या व्हॉल्व्हचं छोटं झाकण कुठलं, ड्रेनेजचं मोठं कुठलं. फीडर पिलरमधून केबल खाली उतरते, ती कुठल्या दिशेला गेली असेल. दिव्याचे खांब एका रांगेत आहेत, म्हणजे त्यांच्या पायाशी एक केबल आहेच. डांबरावर लांबट पट्टा वेगळ्या रंगाचा आहे, म्हणजे कधीतरी कुणीतरी तिथं खणून बुजवलंय. एके ठिकाणी रस्ता बशीसारखा थोडा खचला होता. तिथं मामा म्हणाले, “हितं भराव नीट ठोकला न्हाई. खाली पाईप हाय, आन् बहुतेक गळतोय.” उन्हाळ्यात सगळीकडे गवत वाळलं असताना एका कडेला हिरवा पुंजका होता. तो बघून त्यांनी नुसतीच मान हलवली.

रस्ता वाचून झाला की माणसं वाचायची. त्या भागाला पाणी सोडणारा चावीवाला, वीज मंडळाचा लाइनमन, कोपऱ्यावरचा तीस वर्षं जुना पानवाला. चावीवाल्याला तर ऑफिसच्या नकाशात नसलेले दोन व्हॉल्व्ह पाठ होते. “हा खाली गाडला गेलाय, डांबराखाली. चार बोटं खणा, मिळतोय का नाही बघा,” म्हणाला. खणलं, मिळाला!

यानंतर येतो ट्रायल पिट. म्हणजे चर सुरू करण्याआधी ठरावीक अंतरावर रस्त्याला आडवा, हाताने घेतलेला खड्डा. यात मशीन चालत नाही. पहारही जपून वापरायची. आधी मुरूम, मग माती, आणि माती संपून अचानक बारीक वाळू लागली की मामा ओरडायचे, “पहार टाका!” कारण नैसर्गिक मातीत मधेच वाळूचा थर येत नाही, तो माणसाने घातलेला असतो. विजेची केबल टाकताना तिच्या खाली-वर वाळू घालतात आणि वर विटा किंवा फरश्या आडव्या मांडतात. नव्या कामात वर पट्टीही असते, ‘सावधान’ लिहिलेली. विटांची ही रांग म्हणजे खरं तर केबल टाकणाऱ्याने पुढच्या खणणाऱ्याला लिहिलेली चिठ्ठीच आहे. वाचणारा हवा, एवढंच.

आता तुम्ही म्हणाल, एवढा खटाटोप कशाला? नकाशे असतात की! असतात. मलाही हाच प्रश्न पडला होता. त्याचं उत्तर मामांच्या उजव्या हातावर होतं.

त्या हाताची करंगळी आणि शेजारचं बोट पूर्ण उघडत नाही. मनगटापासून कोपरापर्यंतची कातडी गुळगुळीत, चुरगळून परत सरळ केलेल्या कागदासारखी. दुपारी डबा खाताना त्यांनी स्वतःहूनच सांगितलं. वीसेक वर्षांपूर्वी दुसऱ्या एका गावात ते स्वतः पहार मारत होते. साहेबाने नकाशा बघून सांगितलं होतं, केबल रस्त्याच्या कडेपासून दीड मीटर बाहेर आहे, चर आत डांबरात घ्या. चर आत घेतला. आणि पहार केबलमध्ये गेली.

नकाशा खोटा होता का? नाही! मामा म्हणाले तेव्हा मला क्षणभर कळलंच नाही. नकाशा काढला तेव्हा अगदी बरोबर होता. केबल त्या वेळच्या कडेपासून दीड मीटर बाहेरच होती. पण नंतर रस्ता रुंद झाला, त्या बाजूला तीन मीटर वाढला. कड सरकली, केबल होती तिथेच राहिली आणि आपोआप डांबराखाली गेली. कागदावर मात्र अजून ‘कडेपासून दीड मीटर बाहेर’. वाक्यातला एकही शब्द बदलला नव्हता, फक्त ‘कड’ या शब्दाचा अर्थ तीन मीटर सरकला होता.

खोलीचंही असंच असतं. आय.एस. १२५५ या आपल्या मानकात ११ केव्ही केबलसाठी ९० सेंटिमीटर खोली सांगितली आहे. पण ९० कुठून मोजायचे? रस्त्यावर डांबराचे थर चढत गेले तर केबल आणखी खोल जाते. चढ कापून रस्ता खाली घेतला तर तीच केबल पावलाखाली येते. सर्व्हेइंगच्या पहिल्याच प्रॅक्टिकलला सर ‘बेंचमार्क पक्का हवा’ असं का ओरडतात, ते मला लेव्हल लावून नाही, त्या हाताकडे बघून कळलं.

मामा दीड महिना दवाखान्यात होते. कामाच्या रजिस्टरमध्ये कारण लिहिलं गेलं, ‘कामगाराचा निष्काळजीपणा’. हे सांगताना त्यांचा आवाज चढला नाही की काही नाही. भाकरीचा तुकडा मोडत म्हणाले, “नकाशा हापिसात व्हता, पहार माज्या हातात. आमची दोगांची गाठ कुणी घालूनच दिली न्हाई.”

मला वाटतं, हा सगळा विषय या एका वाक्यात बसतो. माहिती एकीकडे, धोका दुसरीकडे. ज्याच्याकडे कागद आहे त्याला शॉक बसत नाही, आणि ज्याला शॉक बसतो त्याला कागद कुणी दाखवत नाही. इंजिनिअरचं काम नेमकं या दोघांची गाठ घालून देणं आहे. तेवढं केलं नाही तर मग आपला उपयोग काय?

मशीन नाहीत का? आहेत ना! आमच्या साइटवर एक दिवस सर्व्हे करणारी एजन्सी आली होती. त्यांच्याकडे दोन उपकरणं होती. एक केबल लोकेटर. केबलमधून ५० हर्ट्झचा करंट वाहत असेल तर तिच्याभोवती चुंबकीय क्षेत्र तयार होतं, ते लोकेटरमधली कॉइल पकडते आणि आवाज येतो. बारावीचं फिजिक्स! पण यात गोम आहे. दिव्यांची केबल दिवसा बंद असते, मग लोकेटर गप्प. केबल चालू आहे पण पुढे कुणी वीज वापरत नाही, करंट जवळपास शून्य, तरीही गप्प. म्हणजे आवाज आला तर केबल आहे असं धरून चालायचं, पण आवाज आला नाही म्हणजे केबल नाही असं मुळीच नाही! म्हणून मग ट्रान्समीटर जोडून केबलमध्ये आपलाच सिग्नल सोडतात आणि त्याचा माग काढतात. प्लॅस्टिकच्या पाईपला मात्र यातलं काहीच लागू नाही. सोबत तांब्याची तार टाकलेली नसेल तर लोकेटरच्या दृष्टीने तो पाईप अस्तित्वातच नाही.

दुसरं उपकरण जी.पी.आर., म्हणजे जमिनीत बघणारा रडार. चार चाकांची ढकलगाडी. ती बघून मामा म्हणाले, “ल्हान पोराची गाडी आणलीया जनू!” हा रडार जमिनीत लहरी सोडतो, खाली काही वेगळं असलं की त्या परत येतात, आणि स्क्रीनवर पालथ्या वाटीसारखा आकार उमटतो. प्लॅस्टिकचा पाईपही दिसू शकतो. आता थोडं गणित, कंटाळू नका. लहर हवेत एका नॅनोसेकंदात ३० सेंटिमीटर जाते. मातीचा सापेक्ष पराविद्युतांक ९ असेल तर वेग त्याच्या वर्गमुळाने कमी, म्हणजे १० सेंटिमीटर. समजा लहर २० नॅनोसेकंदांनी परत आली. जाऊन येऊन दोन मीटर, म्हणजे वस्तू एक मीटरवर. पण तीच माती ओली चिकण असेल आणि तो अंक २५ असेल तर वेग ६ सेंटिमीटर, आणि तीच वस्तू फक्त ६० सेंटिमीटरवर! स्क्रीन तीच, वाटी तीच, फरक चाळीस सेंटिमीटरचा. शिवाय आपल्याकडची काळी माती ओली झाली की लहरी पिऊनच टाकते. आमच्याकडे आदल्या रात्री वळीव पडला होता. अर्ध्या मीटरपर्यंत छान वाट्या दिसल्या, त्याखाली नुसती मुंग्यांची रांग.

अमेरिकेत सिव्हिल इंजिनिअर्सच्या संस्थेने २००२ मध्ये यावर एक मानक काढलं आणि २०२२ मध्ये ते नव्याने केलं. त्यात माहितीच्या चार प्रती आहेत. सगळ्यात खालची, नुसते जुने कागद. तिच्यावरची, कागदासोबत वर दिसणाऱ्या खुणा, झाकणं, खांब. त्यावरची, उपकरणांनी शोधलेलं. आणि सगळ्यात वरची ‘ए’ प्रत कुठली माहितेय? प्रत्यक्ष उघडं करून, डोळ्यांनी बघून, मोजलेलं. म्हणजे मामांचा ट्रायल पिट! मी त्यांना हे सांगितलं तेव्हा ते एवढंच म्हणाले, “मग? बगितल्याबिगर कसं कळंल?”

पण मामांनाही सगळं वाचता येत होतं असं नाही, आणि हे त्यांनीच मला दाखवलं. शेवटच्या शंभर मीटरमध्ये रस्ता अगदी स्वच्छ होता. ना पट्टा, ना खड्डा, ना झाकण. वर पाऊस येणार, सुपरवायझर म्हणाला, इथे पिट नको, डायरेक्ट मशीन लावा. मामा रस्त्याकडे बघत होते आणि मी वर, समोरच्या बिल्डिंगकडे. तिच्या भिंतीवर जमिनीतून निघून प्रत्येक मजल्याच्या स्वयंपाकघरापर्यंत चढणारा पिवळा पाईप होता. गॅसचा! आणि गॅस कंपनीची खुणेची पाटी रस्त्याच्या आमच्या बाजूला. म्हणजे मेन लाइन या बाजूला, गिऱ्हाईक त्या बाजूला. मग गॅस तिकडे गेला कुठून?

मी मामांना विचारलं. ते बराच वेळ रस्त्याकडे बघत राहिले. “ताई, हितं रस्त्याला जखमच न्हाई.” खरंच नव्हती. कारण आता रस्ता न फोडता आडवं ड्रिल करून खालून पाईप ओढून नेता येतो. सुईत दोरा ओवावा तसा. रस्ता वाचतो, ट्रॅफिक वाचतं, आणि खूणही उरत नाही! रस्त्यावरच्या जखमा वाचत आयुष्य काढलेल्या माणसासमोर ही एक कोरी पाटी होती.

मामांनी सुपरवायझरला सांगितलं, मशीन लागणार न्हाई. तो चिडला, एका दिवसाचं भाडं कोण देणार म्हणाला. मामा बकेटच्या समोर जाऊन खाली बसले. भांडण नाही, आवाज नाही, तंबाखू मळत बसले. मी पाटीवरच्या नंबरवर फोन लावला. पाऊण तासात गॅसवाल्यांचा माणूस आला, त्याच्यासमोर हाताने खड्डा घेतला. एक मीटरच्या जरा खाली, मनगटाएवढा, चकचकीत पिवळा पाईप. प्लॅस्टिकचा, त्यामुळे लोकेटरला दिसला नव्हता. खोल आणि ओल्या मातीत, म्हणून रडारलाही नाही. आणि आमचा चर सव्वा मीटरचा! समोरच्या बिल्डिंगमध्ये तेव्हा दुपारचे स्वयंपाक चालू असणार. सुपरवायझर काही बोलला नाही, पण दुसऱ्या दिवशी सगळ्यांना चहा त्याच्याकडून होता.

पाईप फुटला तरच धोका, असंही नाही. बेल्जियममध्ये गिलेंगियां नावाच्या गावाजवळ ३० जुलै २००४ रोजी गॅसच्या मोठ्या पाईपलाइनचा स्फोट झाला. २४ माणसं गेली, शंभराहून जास्त जखमी झाली. गळतीची खबर मिळाली म्हणून धावून आलेले अग्निशमन दलाचे जवानही त्यात होते. त्या जागेवर आधी बांधकाम चालू होतं आणि त्या कामातल्या यंत्राने पाईपला इजा झाली होती. पाईप तेव्हा फुटला नाही. नंतर फुटला. नुसता ओरखडा गेला तरी सांगायचं असतं, ते यासाठी. आपण काय करतो? माती लोटतो आणि पुढे जातो.

इतक्या लांब कशाला, ठाण्यात एका खासगी बोअरवेलचं ड्रिल थेट मुंबईला पाणी नेणाऱ्या बोगद्यात घुसलं. साडेपाच मीटर व्यासाचा बोगदा! त्याच्या दुरुस्तीसाठी ३१ मार्च २०२३ पासून मुंबईत १५ टक्के पाणीकपात जाहीर झाली. ड्रिल काही इंचाचं, आणि कपात अख्ख्या मुंबईला.

यावर उपाय म्हणून त्याच महिन्यात, २२ मार्च २०२३ रोजी, पंतप्रधानांच्या हस्ते ‘कॉल बिफोर यू डिग’ नावाचं ॲप सुरू झालं. खणणाऱ्याने जागा कळवायची, तिथं ज्यांच्या ज्यांच्या लाइन आहेत त्यांना निरोप जातो, त्यांनी उत्तर द्यायचं. फक्त फायबर केबलच देशात वर्षाला सुमारे दहा लाख वेळा तुटते आणि त्यात तीन हजार कोटींचं नुकसान होतं, असा सरकारचाच तेव्हाचा अंदाज होता. अमेरिकेत यासाठी २००७ पासून ८११ हा एकच नंबर आहे. फोन केला की माणसं येऊन जमिनीवर रंगाने रेघा मारून जातात. लाल म्हणजे वीज, पिवळा गॅस, नारिंगी फोन आणि केबल, निळा पिण्याचं पाणी, हिरवा ड्रेनेज. कल्पना किती सोपी आहे बघा! पण ॲप असो की फोन, तो फक्त ‘कुणाला विचारायचं’ ते सांगतो. उत्तर बरोबर यायला आधी कुणीतरी बरोबर लिहून ठेवलेलं लागतं.

म्हणून मामांनी शेवटच्या आठवड्यात मला कामाला लावलं. जे जे उघडं झालं ते ते बुजवायच्या आधी मोजायचं. कडेपासून नाही हं! दोन पक्क्या इमारतींच्या कोपऱ्यांपासून टेप लावून, खोली ओट्याच्या पायरीपासून घेऊन, शिवाय जी.पी.एस.चे आकडे आणि फोटो. चौदा पिट आणि एकतीस नोंदी झाल्या. मी नोंदी वाचून दाखवायचे आणि मामा डोळे मिटून ऐकायचे. एक दिवस म्हणाले, “त्या चावीवाल्याचे दोन व्हॉल बी लिव्हा. त्यो रिटायर झाला की ते बी गाडलं जात्याल.” मग थोडं थांबून स्वतःच्या कपाळावर बोट ठेवून म्हणाले, “आन् ह्यातलं बी लिव्हून घ्या जमलं तर. पुढच्या साली मी गावाकडं चाललोय.”

त्या दोन दुपारी मी पानं भरभरून लिहिलं. कुठल्या चौकात दगडी गटार आहे, कुठल्या शाळेसमोर बंद पडलेला पण न काढलेला पाईप आहे. ती वही मी साइट इंजिनिअरना दिली, एक झेरॉक्स माझ्याकडे आहे. कॉन्व्हेंटमध्ये शिकलेली मी, आयुष्यातलं सगळ्यात जास्त मराठी लेखन त्या वहीत केलं. व्याकरणाचं विचारू नका, मोजमापं बरोबर आहेत.

आता हे सगळं तुम्हाला का सांगते आहे? कारण आपल्या कॅम्पसखालीही असंच सगळं आहे आणि त्याची वही नाही. मी मेंटेनन्स ऑफिसमध्ये विचारलं. बॉइज हॉस्टेल बांधलं तेव्हाचा एक नकाशा मिळाला, त्यात नवीन लॅब नाही, लेडीज हॉस्टेलचा वाढवलेला भाग नाही, आणि मापं घेतली आहेत ती आता नसलेल्या एका कुंपणापासून! बाकी सगळं आपल्या प्लंबर काकांच्या डोक्यात आहे. कुठला व्हॉल्व्ह फिरवला की कुठल्या मजल्याचं पाणी बंद होतं, हे त्यांच्याशिवाय कुणालाही सांगता येत नाही. काका येत्या जूनमध्ये निवृत्त होत आहेत.

सर्व्हे लॅबमध्ये टोटल स्टेशन आहे. सरांनी शनिवारी दुपारी ते वापरायची परवानगी दिली आहे. काका चालत दाखवायला तयार आहेत, फक्त “चहा पाजा” म्हणाले. सध्या आम्ही तिघी आहोत. सिव्हिलचेच पाहिजेत असं नाही. इलेक्ट्रिकलवाले आले तर केबलची बाजू पक्की होईल, कॉम्प्युटरवाल्यांनी नकाशा कॉलेजच्या सर्व्हरवर चढवायचा. स्टाफपैकी जे जुने आहेत त्यांनी आठवेल ते सांगायला यावं, ही खास विनंती.

शनिवारी दुपारी तीन वाजता, पाण्याच्या टाकीपाशी. येताना वही आणा.

— तृतीय वर्ष, स्थापत्य